आधी दरी, मग माचू पिच्चू, शेवटी कुस्को: इंकांची स्थळे गाईडसोबत कशी पाहावीत

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर पहिली रात्र कुस्कोत काढू नये, हा या लेखातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. इंका साम्राज्याची ही जुनी राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कुस्कोचे रस्ते तिच्या माथ्याच्या दुपटीहूनही उंच. पेरूची आजची राजधानी लिमा समुद्रकिनारी आहे आणि तिथून विमान सव्वा-दीड तासात माणसाला या विरळ हवेत आणून सोडते. स्थानिक लोक या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. डोके ठणकते, जेवण नकोसे होते, दोन जिने चढले तरी धाप लागते आणि झोप तुटक येते. याउलट जवळच्या उरुबांबा नदीच्या खोऱ्यातली, म्हणजे ‘पवित्र दरी’तली गावे २,८०० ते ३,००० मीटरांवर आहेत आणि इंकांची डोंगरावरची प्रसिद्ध वस्ती माचू पिच्चू तर २,४३० मीटरांवरच आहे. म्हणून विमानतळावरून थेट गाडी करून दरीत उतरावे, तिथे दोन-तीन रात्री राहावे, तिथूनच माचू पिच्चूला जाऊन यावे आणि शरीर सरावल्यावर, सहलीच्या अखेरीस, कुस्को पाहावे.

मी हे अनुभवाने सांगत आहे. आमच्या पहिल्या सहलीत आयोजकांनी उतरल्याच दिवशी दुपारी कुस्को शहर आणि त्यावरचा साक्सायवामानचा किल्ला ठेवला होता. आमच्या नऊ जणांपैकी तिघांनी ती भव्य तटबंदी पायऱ्यांवर डोके धरून बसल्या बसल्या पाहिली, आणि एका काकूंना तर हॉटेलात परत न्यावे लागले. त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता. पूर्वी कधी त्रास झाला नाही म्हणून आताही होणार नाही, असे उंचीच्या बाबतीत धरून चालता येत नाही, आणि तरुण व तंदुरुस्त माणसांनाही सोरोचे गाठतो. उंचीच्या त्रासावरची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. पहिले दोन दिवस हळू चालावे, पोटभर जेवू नये, मद्य घेऊ नये आणि पाणी पीत राहावे. हॉटेलांत कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो. तो तिथे कायदेशीर आहे आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तो पीत आले आहेत. मात्र ती पाने किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नयेत, कारण भारतात कोकाचे पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.

निघण्यापूर्वीची कामे

भारतीय पारपत्रावर पेरूला जाण्यासाठी व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांपैकी कुठल्याही ठिकाणचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. हे नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीच्या पेरू वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. आपल्याकडचे अनेक जण विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे: पेरूहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते नसेल, तर विमानतळावरून घरी जाण्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य ठरते, म्हणून ती आदल्या आठवड्यावर ढकलू नये. साठीच्या पुढच्या व्यक्तींनी ती घेण्याआधी डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

तिथला कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर हा आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस सर्वाधिक असतो. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी या दृष्टीने उत्तम, कारण तेव्हा पाऊस थांबलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि जून-जुलैची गर्दी सुरू व्हायची असते. मात्र हा दक्षिण गोलार्ध असल्यामुळे जून-जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा, हे लक्षात ठेवावे. दुपारी ऊन चटका देते आणि रात्री पारा शून्याजवळ उतरतो. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे तीन पातळ थर अधिक उपयोगी पडतात.

गाईड कसा निवडावा

इंकांनी लिहून काहीच ठेवले नाही. त्यांच्याकडे लिपी नव्हती. गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या जुडग्यांत, ज्यांना ‘किपू’ म्हणतात, ते हिशेब ठेवत. त्यामुळे आपल्या लेण्यांत जसा शिलालेख वाचून दाता आणि काळ कळतो, तसे इथे होत नाही. जे कळते ते दगडाच्या घडणीतून, पाण्याच्या वाटेतून, कोठारांच्या जागेवरून आणि नंतर येऊन हे राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश लोकांच्या नोंदींतून. एवढ्यासाठीच इथे गाईड हवा, आणि तोही या गोष्टी दाखवू शकणारा हवा.

सरकारमान्य गाईडकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते. ते पाहायला मागण्यात संकोच करू नये. बोलणी करताना मी नेहमी दोन प्रश्न विचारतो. पहिला असा, की दरीतल्या ओयांतायतांबो गावातल्या मंदिराचे मोठे दगड कुठल्या खाणीतून आणि कसे आले. दुसरा असा, की माचू पिच्चूत पावसाचे पाणी कुठे जाते. जो गाईड या प्रश्नांना उत्साहाने उत्तर देतो, त्याच्यासोबत दिवस सत्कारणी लागतो; जो परग्रहावरून आलेल्या कारागिरांच्या कथांकडे वळतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा. ज्यांच्या पूर्वजांनी हे दगड वाहिले ते केचुआ भाषिक लोक आजही त्याच दरीत शेती करतात, आणि त्यांच्या कष्टाचे श्रेय आकाशातल्या कोणाला तरी देणे मला मनापासून अन्यायाचे वाटते. केचुआ बोलणारा गाईड मिळाला तर त्यालाच घ्यावे. आभार मानताना ‘सुल्पायकी’ एवढा एक शब्द आपण बोललो, तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

गट दहा जणांपेक्षा मोठा नसावा. माचू पिच्चूत एका गाईडमागे दहा जणांची मर्यादा आहेच, पण ती नसती तरी अरुंद वाटेवर अकराव्या माणसाला गाईडचे बोलणे ऐकू येत नाही.

दरीतले दोन दिवस

दरीतल्या बहुतेक स्थळांना एकच तिकीट चालते. त्याला ‘बोलेतो तुरिस्तिको’ म्हणतात. त्यात सोळा ठिकाणे येतात आणि ते दहा दिवस चालते. परदेशी प्रौढासाठी त्याची किंमत अनेक वर्षे १३० सोल (पेरूचे चलन) राहिली आहे, तरी आजचा दर विचारून घ्यावा. माचू पिच्चू, मारासची मिठागरे आणि कुस्कोतले कोरिकांचाचे मंदिर ही तीन ठिकाणे या तिकिटात येत नाहीत, हे मात्र आधीच लक्षात घेऊन पैसे बाजूला ठेवावेत.

पहिल्या दिवशी पिसाक पाहावे. गाडीने डोंगरावरच्या प्रवेशद्वारापर्यंत जावे आणि अवशेष पाहत पाहत गावापर्यंत पायी उतरावे. गावातून वर चढत जाण्याचा हट्ट पहिल्या दिवशी करू नये. इथल्या डोंगरउतारावर बांधलेल्या पायऱ्यांची शेते पाहताना आपल्याकडच्या घाटातल्या मजग्या आठवतात, पण इथे प्रत्येक ताल, म्हणजे पायरीची दगडी भिंत, माणसाच्या उंचीपेक्षा मोठी आहे आणि तिच्यातून बाहेर काढलेले लांब दगड जिन्याच्या पायऱ्यांसारखे वापरता येतात. समोरच्या कड्यात शेकडो भोके दिसतात. त्या कबरी आहेत आणि जवळजवळ सर्व लुटल्या गेलेल्या आहेत.

मोराय आणि मारास ही दोन ठिकाणे एका दुपारी होतात. मोरायला जमिनीत एकाखाली एक उतरत जाणारी वर्तुळाकार शेते आहेत. वरच्या आणि तळाच्या थरांतल्या तापमानात फरक पडतो, त्यामुळे इंका इथे पिकांचे प्रयोग करत असावेत, असे अनुमान आहे. ते पटण्यासारखे असले तरी गाईड ते सिद्ध झाल्यासारखे सांगू लागला, तर आपण ते अनुमान म्हणूनच ऐकावे. मारासला डोंगरातून येणाऱ्या खाऱ्या झऱ्याचे पाणी हजारो लहान वाफ्यांत वळवून मीठ पिकवतात आणि ते वाफे आजही गावातल्या कुटुंबांच्या मालकीचे आहेत.

ओयांतायतांबोसाठी मात्र पूर्ण दिवस आणि त्याच गावातली एक रात्र ठेवावी. अनेक सहली इथे तासभर थांबून रेल्वे पकडतात आणि ते मला फार चुकीचे वाटते. या गावातली घरे, अंगणे आणि गल्ल्या इंकांनी आखल्या तशाच वापरात आहेत. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून पाणी खळाळत जाते आणि सकाळी शाळेत जाणारी मुले ते ओलांडत पळतात. १५३७ च्या सुरुवातीला मांको इंका या राजाने इथेच स्पॅनिश घोडदळाला मागे रेटले. त्याने पाटांचे पाणी खालच्या मैदानात सोडून घोड्यांची चाल अडवली, असे वर्णन आहे. चढून गेल्यावर सूर्यमंदिराची अपुरी भिंत लागते. गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या केलेल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये पट्टीसारखे चिंचोळे दगड बसवलेले आहेत. एकेक शिळा पन्नास टनांच्या आसपास आहे. या शिळांची खाण नदीच्या पलीकडच्या डोंगरात उंचावर, सुमारे सहा किलोमीटर दूर आहे. म्हणजे त्या डोंगरावरून खाली आणल्या, नदीपार केल्या आणि पुन्हा उतारावरून वर ओढल्या; तेही लोखंडी हत्यार, चाक आणि ओढकाम करणारा बैल यांपैकी काहीही हाताशी नसताना. ओझ्याच्या कामाला लामा हा एकच प्राणी होता आणि तो पंचवीस-तीस किलोंपलीकडे वाहत नाही. वाटेत सोडून दिलेल्या काही शिळा आजही शेतांमध्ये पडलेल्या आहेत. तिथले लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात. गाईडला त्या दाखवायला सांगावे. मंदिर अपुरे का राहिले आणि काम कसे चालले होते, हे त्यांच्याकडे पाहून जितके समजते तितके पूर्ण झालेल्या भिंतीकडे पाहून समजत नाही.

दुपारनंतर समोरच्या पिंकुयुना डोंगरावरची धान्याची कोठारे पाहायला जावे. चढण खडी आहे, वेगळे तिकीट नाही आणि गर्दीही नाही. ही कोठारे मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर बांधलेली आहेत, म्हणजे धान्य गार आणि कोरडे राहावे. इंका राज्यात नाणे नव्हते. प्रजा कर म्हणून श्रम देई, त्याला ‘मिता’ म्हणत, आणि या श्रमावर आलेल्या माणसांना राज्य अशा कोठारांतून खाऊ-पिऊ घाले. खालच्या मंदिराच्या शिळा ओढणारे हात या वरच्या कोठारांवर जगत होते, हे दोन्ही एकाच दिवशी पाहिले की ध्यानात येते.

जेवणाचे थोडे सांगतो. शाकाहारी माणसाचे या दरीत हाल होत नाहीत. किनोआचे सूप, उकडलेला टपोऱ्या दाण्यांचा मका आणि त्यासोबत पांढरे चीज, अनेक रंगांचे बटाटे, हे सगळीकडे मिळते. सूप मात्र कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असू शकते, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे नको, असे स्पष्ट सांगावे. बटाटा मूळचा याच अँडीज पर्वताचा; पोर्तुगीजांमार्फत तो आपल्याकडे आला आणि आपला शब्दही त्यांच्याकडूनच आला. बाजारात ‘चुन्यो’ नावाचे काळपट, दगडासारखे कडक पण हलके बटाटे दिसतील, ते हातात घेऊन पाहावेत. रात्रीच्या हिमात गोठवून, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढून आणि उन्हात वाळवून केलेले हे बटाटे वर्षानुवर्षे टिकतात. कोठारांत साठवले जात ते हेच.

माचू पिच्चू

ओयांतायतांबोहून रेल्वेने पावणेदोन ते दोन तासांत आग्वास कालिएंतेस हे पायथ्याचे गाव येते. गाडीत मोठी बॅग चालत नाही, म्हणून एका रात्रीपुरते सामान पाठीवरच्या पिशवीत घ्यावे आणि बाकीचे हॉटेलात ठेवावे. गावातून बसने अर्ध्या तासात प्रवेशद्वार गाठता येते. गावी मुक्काम करून सकाळच्या पहिल्या वेळांपैकी एखादी घ्यावी.

तिकीट हीच इथली खरी अडचण आहे. दिवसाला ४,५०० आणि गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६०० माणसांनाच प्रवेश मिळतो; तिकीट नाव, पारपत्र क्रमांक, तारीख आणि वेळेसह निघते आणि दाराशी मूळ पारपत्र पाहिले जाते. मोसमात तीन-चार महिने आधी तिकीट काढावे, आणि पारपत्र नूतनीकरणाला टाकायचे असेल तर ते काम आधी उरकावे, कारण जुन्या क्रमांकाचे तिकीट घेऊन दारात उभे राहणे फार मनस्तापाचे होते. आत तीन मार्ग आहेत आणि एका तिकिटावर एकच मार्ग चालता येतो. पहिला मार्ग वरच्या पायऱ्यांवरून प्रसिद्ध दृश्य दाखवतो, पण वस्तीत उतरत नाही. तिसरा मार्ग खालच्या भागातून जातो, पण त्यावरून ते वरचे दृश्य दिसत नाही. दुसऱ्या मार्गात दृश्यही आहे आणि वस्तीही आहे; एकदाच जाणाऱ्याने दुसराच घ्यावा आणि तो मिळावा म्हणून तारीख पुढेमागे करायची तयारी ठेवावी. आत शौचालय नाही आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येत नाही, म्हणून दाराशीच सर्व उरकून घ्यावे. छत्री, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक आणि मोठी पिशवी नेता येत नाही. पावसासाठी रेनकोट ठेवावा.

आत गेल्यावर गाईडला इतिहास थोडक्यात सांगायला लावावा. १४३८ च्या सुमारास सत्तेवर आलेल्या पाचाकुती या राजाची ही वसाहत होती, ती शंभर-सव्वाशे वर्षांत ओस पडली आणि स्पॅनिश सैन्य इथवर पोहोचलेच नाही, एवढे पुरते. २४ जुलै १९११ रोजी हायरम बिंगहॅम हा अमेरिकी प्राध्यापक इथे आला तेव्हा काही शेतकरी कुटुंबे या पायऱ्यांवर पीक घेत होती आणि त्यांच्यापैकीच एका मुलाने त्याला अवशेष दाखवले. त्याआधी १९०२ मध्ये अगुस्तिन लिसारागा या स्थानिक माणसाने इथे भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले होते. त्यामुळे ‘हरवलेले शहर सापडले’ ही भाषा मला वापरवत नाही.

उरलेला वेळ पाण्याला द्यावा. इथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या पावसाच्या जवळ जाणारा, आणि तोही दोन शिखरांमधल्या अरुंद खिंडीवर. तरीही पाचशेहून अधिक वर्षे या ताली सरकलेल्या नाहीत. याचे कारण जमिनीखाली आहे: प्रत्येक पायरीत तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू आणि सर्वांत वर दुरून आणलेली सुपीक माती, असे थर भरलेले आहेत, त्यामुळे पाणी तुंबत नाही, झिरपून निघून जाते. पिण्याचे पाणी डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने आणले आहे आणि ते एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून उतरते. आमच्या गाईडने आम्हाला अशा एका कुंडापाशी थांबवले होते. दगडात कोरलेल्या पन्हळीच्या टोकाला इतकी नेमकी धार काढलेली होती, की पाणी भिंतीला न चिकटता सुटून खाली पडत होते, घागर लावायला अगदी सोयीचे. त्या बोटभर खोबणीकडे मी कितीतरी वेळ पाहत राहिलो.

इंटिवाताना या कोरीव शिळेचा एक टवका उडालेला आहे. २००० साली एका जाहिरातीच्या चित्रीकरणात यारीचा भाग त्यावर पडला. आताचे कडक नियम जाचक वाटले, तर तो टवका आठवावा.

चार दिवसांच्या इंका वाटेने पायी यायचे असेल, तर वेगळी तयारी लागते. सुमारे ४२ किलोमीटरांची ही वाट परवानाधारक आयोजकासोबतच चालता येते, हमाल आणि गाईड धरून दिवसाला पाचशेच माणसांना सोडतात, फेब्रुवारीत ती दुरुस्तीसाठी बंद असते आणि तिच्यावरची सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरांवर आहे. नियमित डोंगर चढणाऱ्यांना मी ती आग्रहाने सुचवीन. हमालांना किती ओझे आणि किती मजुरी देता, हे आयोजकाला आधी विचारावे.

शेवटी कुस्को

आता कुस्कोत दोन दिवस राहावे. साक्सायवामानला सकाळी लवकर जावे. नागमोडी वळणांच्या तीन तटांत शंभर टनांहून जड दगडही आहेत, आणि जे दिसते ते उरलेले आहे, कारण स्पॅनिशांनी इथले लहान दगड उचलून नेऊन खाली शहरात चर्च आणि वाडे बांधले. २४ जूनला इथे इंती रायमी या सूर्याच्या उत्सवाचा सोहळा असतो. तो पाहायचा तर राहण्याची सोय फार आधी करावी. तिथून उतरताना बारा कोनांच्या प्रसिद्ध दगडाची गल्ली लागते. त्याला हात लावू नये. कासा कोंचा या वाड्यातल्या संग्रहालयात बिंगहॅमने अमेरिकेला नेलेल्या आणि येल विद्यापीठाने शंभर वर्षांनी परत केलेल्या वस्तू ठेवल्या आहेत. माचू पिच्चू आधी पाहून झालेले असल्यामुळे त्या मडक्यांना आणि टाचण्यांना त्यांची जागा आपल्या मनात आधीच तयार असते.

कोरिकांचा सर्वांत शेवटी ठेवावे. सूर्याचे हे मंदिर इंकांचे सर्वांत पवित्र स्थान होते. स्पॅनिशांनी त्याच्या भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ उभारला. २१ मे १९५० च्या भूकंपात मठाचा मोठा भाग कोसळला आणि आत दडलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या. त्या उभ्याच होत्या. आत गेल्यावर गाईडला थोडा वेळ शांत राहायला सांगावे आणि एकाच भिंतीसमोर उभे राहावे. भिंत वर जाताना किंचित आत झुकते. दारे आणि कोनाडे खाली रुंद, वर अरुंद आहेत. दोन चिऱ्यांमध्ये चुना नाही, आणि दरज इतकी बारीक आहे की तिथे सावलीसुद्धा पडत नाही. तिरप्या उन्हात चिऱ्यांवर बारीक खळग्यांची जाळी दिसू लागते; त्या दगडाने दगड ठेचून घडवल्याच्या खुणा आहेत. हातोड्याचे गोटे मोठे घेतले तर खळगे मोठे पडतात, लहान घेतले तर लहान, आणि कडेजवळ येताना कारागिराने गोटा बदलला हे आपल्याला पाचशे वर्षांनंतर नुसत्या डोळ्यांनी दिसते. या भिंतीसाठी निदान अर्धा तास ठेवावा, आणि रात्रीच्या विमानाची घाई त्या अर्ध्या तासात आणू नये.